एकाचे ज्ञान, सर्वांचे बळ

निवासी शाळेत शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे रुग्णालयांत, बँकांत, कारखान्यांत, शाळांत व शासकीय कार्यालयांत रुजू होतात. त्यांपैकी अनेकांच्या घरातील नोकरी करणारी ही पहिलीच पिढी असते. टिपणी कशी लिहावी, यंत्र अडल्यास प्रथम काय पाहावे, हे सांगणारे घरात कोणी नसते. अशा नवागताला कामाच्या ठिकाणी कोणी नीट शिकवले तर तो उभा राहतो. न शिकवले तर ‘याला जमत नाही’ असा शिक्का त्याच्यावर बसतो. म्हणूनच कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा केवळ उत्पादनवाढीचा विषय नसून समान संधीचाही प्रश्न आहे.

‘पाहून पाहून शिकेल’ ही आपल्याकडील रूढ रीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत ही रीत अपुरी पडली. अनुभवी कामगार सैन्यात गेले आणि कारखान्याचे तोंडही न पाहिलेले असंख्य स्त्री-पुरुष यंत्रांपुढे उभे राहिले. त्या निकडीतून १९४० साली ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ ही योजना सुरू झाली. १९४५ पर्यंत ती १६,००० हून अधिक कारखान्यांत पोहोचली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिने मुख्यतः पर्यवेक्षकांना हाती घेतले व दुसऱ्याला कसे शिकवावे, हे त्यांना शिकवले. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या उद्योगाने ती आत्मसात केली.

या पद्धतीत शिकवण्याच्या चार पायऱ्या आहेत. प्रथम शिकणाऱ्याची भीती घालवावी व त्याला काय येते ते जाणून घ्यावे. मग काम एकेक टप्प्याने करून दाखवावे आणि सांगावे. तिसऱ्या पायरीवर त्याच्याकडून ते करवून घ्यावे व करताना त्यालाच ते समजावून सांगावयास लावावे. शेवटी त्याला स्वतंत्रपणे काम द्यावे, अडल्यास कोणाला विचारायचे ते सांगावे आणि अधूनमधून पाहणी करावी. शिकणाऱ्याला आले नसेल तर शिकवणे पूर्ण झालेले नाही, ही या पद्धतीमागची भूमिका होय.

शिकवण्यापूर्वी कामाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातील कळीचा मुद्दा आणि त्यामागील कारण कागदावर मांडावे लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीचे उदाहरण घेऊ. दररोज सकाळ-सायंकाळ तापमान नोंदवणे हा टप्पा. ते २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे, हा कळीचा मुद्दा. हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट यांसारख्या लसी गोठल्यास निकामी होतात आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसेलच असे नाही, हे कारण. नव्या परिचारिकेला केवळ ‘तापमान लिहीत जा’ असे सांगितले तर ती आकडे लिहील; कारण कळले तर आकडा घसरताच ती धावेल. या फरकावर बालकांचे आरोग्य अवलंबून असते.

दुसरे साधन म्हणजे साधा तक्ता. एका बाजूला सहकाऱ्यांची नावे, दुसऱ्या बाजूला कामे. ज्याला जे काम येते तेथे खूण करावी. ज्या कामापुढे एकच खूण दिसेल तेथे धोका आहे असे समजावे. ती व्यक्ती रजेवर गेली, बदलून गेली वा निवृत्त झाली की काम ठप्प होते. अशा कामासाठी दुसरा माणूस कोणत्या तारखेपर्यंत तयार करायचा, हेही त्याच तक्त्यात लिहावे.

ज्ञान केवळ वरून खाली वाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-सूची पुढे आणली. नवी दिल्लीसह जगातील ८ शहरांतील रुग्णालयांत तिचा अभ्यास झाला, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे आढळले. छेद घेण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, हाही त्या सूचीतील एक मुद्दा आहे. ज्याने एकदा सर्वांसमोर तोंड उघडले, त्याला पुढे शंका बोलून दाखवणे सोपे जाते.

तरीही अनेकजण आपले ज्ञान मुठीत धरून ठेवतात. ‘सर्वांना आले तर मला कोण विचारील?’ ही भीती त्यामागे असते. नुसत्या उपदेशाने ती जात नाही. शिकवणे हे कामाच्याच वेळेतील काम मानले गेले, शिकवणाऱ्याचे श्रेय जाहीरपणे मान्य झाले आणि प्रश्न विचारणाऱ्याची टर उडवली गेली नाही, तरच मूठ उघडते. ही जबाबदारी प्रामुख्याने वरिष्ठांची आहे.

आज अधिकारपदावर असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एवढे अवश्य करावे: आपल्याला उत्तम येणारे एक काम एका पानावर टप्पे, मुद्दे व कारणे यांसह लिहून काढावे आणि कार्यालयातील सर्वांत नव्या सहकाऱ्याला ते शिकवावे. तो ते काम तिसऱ्याला शिकवू लागला की आपले शिकवणे फळाला आले असे समजावे.