कर्जाच्या कागदांत शिरणारा विमा

शेतकऱ्याच्या सहीस किंवा अंगठ्यास या देशात फार मोठी किंमत द्यावी लागली आहे. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांविरुद्ध जो उठाव केला, त्यात लोकांचा मुख्य रोख खतपत्रांवर व रोख्यांवर होता. त्यांत काय लिहिले आहे हे ज्याने अंगठा उठविला त्यास ठाऊक नसे. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरिता दक्षिणेतील शेतकऱ्यांचा कायदा झाला. त्यात गावनिबंधकाने दस्तऐवज शेतकऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावा, तो त्यास उमगला आहे अशी खात्री करून घ्यावी आणि मगच त्याची सही घ्यावी, असे ठरविण्यात आले. तो कायदा आज नाही आणि गावनिबंधकही नाही. परंतु न वाचलेल्या कागदावर सही करण्याचा प्रसंग मात्र अद्याप टळलेला नाही. तो आता बँकेच्या टेबलापाशी येतो, आणि बहुधा विम्याच्या रूपाने येतो. यास्तव प्रस्तुत लेखात ह्या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे योजिले आहे.

किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. जमीन व पीक पाहून बँक एक मर्यादा ठरविते आणि त्या मर्यादेत शेतकरी गरजेप्रमाणे रक्कम उचलतो व भरतो. दिनांक १ जानेवारी २०२५ पासून दोन लाख रुपयांपर्यंतच्या शेतीकर्जास जमीन तारण देण्याचे कारण उरलेले नाही. योजना चांगली आहे, यात शंका नाही. अडचण उत्पन्न होते ती कार्ड मंजूर होण्याच्या किंवा त्याचे नूतनीकरण करण्याच्या दिवशी. मृगाचे दिवस जवळ आलेले असतात, बियाणे व खत आणावयाचे असते, आणि नेमक्या त्याच वेळी कागदांच्या गठ्ठ्यात एक निराळा कागद येतो. ‘हा विमा घेतल्यावाचून प्रकरण पुढे जाणार नाही’ असे कोणी स्पष्ट सांगतो. कोणी तसे न सांगता केवळ ‘येथे सही करा’ म्हणून बोट ठेवतो. शेतकरी विचार करतो की एवढ्यासाठी साहेबास कोठे दुखवावे, पुढील सालीही ह्याच दारी यावयाचे आहे. आणि तो सही करून मोकळा होतो.

ह्या आग्रहाचे कारण समजून घेणे अवश्य आहे. बँका विमा कंपन्यांच्या प्रतिनिधी म्हणून काम करितात व विकलेल्या प्रत्येक विम्यामागे त्यांस दलाली मिळते. शाखेस विमाविक्रीचा आकडा नेमून दिलेला असतो, आणि तो पुरा करण्याचा भार टेबलावरील कर्मचाऱ्यावर पडतो. कर्जासाठी आलेला मनुष्य नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून हा भार सहजच त्याच्या शिरावर उतरतो. कर्मचाऱ्यावर रागावून ह्यात काही साधत नाही. आपणांस काय हवे व काय नको, हे आधी पक्के ठाऊक असणे हाच खरा उपाय होय.

प्रथम विम्याचे प्रकार वेगळे केले पाहिजेत. सर्व विमे एका मापाने मोजल्यास चांगल्याचाही त्याग होतो आणि वाईटही गळ्यात पडते.

पहिला प्रकार पीकविम्याचा. प्रधानमंत्री पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून चालू आहे. आरंभी पीककर्ज घेणाऱ्यास ती सक्तीची होती. २०२० च्या खरिपापासून ती सर्वांस ऐच्छिक झाली. मात्र येथे एक बारकावा आहे. कर्जदारास हा विमा नको असेल तर नोंदणीच्या अखेरच्या तारखेपूर्वी निदान सात दिवस तसे बँकेस लेखी कळवावे लागते. न कळविल्यास हप्ता खात्यातून वजा होतो. शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाची धान्ये व गळिताची पिके यांस विमा रकमेच्या २ टक्क्यांहून, रब्बीस १.५ टक्क्यांहून आणि नगदी व फळपिकांस ५ टक्क्यांहून अधिक नसतो. उरलेला हप्ता केंद्र व राज्य सरकारे भरतात. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एका रुपयात हा विमा मिळत असे. ती सवलत २०२५ च्या खरिपापासून बंद झाली. समजा, विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये आहे व सोयाबीन दोन हेक्टर आहे. तर शेतकऱ्यास २,००० रुपयांपर्यंत भरावे लागतील. हा खर्च आपल्या मंडळातील पावसाचा व मागील उत्पन्नाचा अनुभव पाहून करावा किंवा टाळावा. परंतु दुसऱ्या विम्याच्या रागाने पीकविमा नाकारणे हे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा प्रकार अल्प हप्त्याच्या सरकारी विम्यांचा. अपघाताकरिता प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना सालीना २० रुपयांत आणि जीवनाकरिता प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना सालीना ४३६ रुपयांत, प्रत्येकी दोन लाख रुपयांचे संरक्षण देतात. पहिलीत १८ ते ७० वर्षांपर्यंतच्या व दुसरीत १८ ते ५० वर्षांपर्यंतच्या मनुष्यास प्रवेश मिळतो. कर्त्या पुरुषावर घर अवलंबून असेल तर ह्या दोन्ही घेण्याजोग्या आहेत. त्याही ऐच्छिकच आहेत. एकाच मनुष्याने दोन बँकांतून दोनदा हप्ता भरला तरी दावा एकदाच मिळतो. म्हणून पासबुकातील वजावट तपासावी.

तिसरा प्रकार तारण वस्तूच्या विम्याचा. ट्रॅक्टर, दुभती जनावरे किंवा पंप बँकेच्या पैशाने घेतल्यास त्यांचा विमा उतरविण्याची अट बँकेने घालणे वाजवी आहे. पण तो अमक्याच कंपनीचा असावा, असा हट्ट वाजवी नाही.

चौथा प्रकार कर्जदाराच्या जीवनविम्याचा. कर्ज फिटण्यापूर्वी कर्जदार मरण पावल्यास विमा कंपनी ते फेडते. कल्पना वाईट नव्हे. परंतु हप्ता बहुधा एकदम घेतला जातो आणि तो कर्जातच मिळविला जातो. म्हणजे विम्याच्या हप्त्यावरही व्याज चढते.

पाचवा प्रकार सर्वांत घातक. दहा-पंधरा वर्षे हप्ते भरावयाची बचतीची पॉलिसी कर्जाबरोबर गळ्यात घातली जाते. उदाहरणार्थ, दोन लाखांची मर्यादा मंजूर झाली आणि सालीना २५,००० रुपये हप्त्याची दहा वर्षांची पॉलिसी दिली. पहिल्याच दिवशी बियाण्याखताच्या पैशातून २५,००० रुपये गेले. सात टक्क्यांनी त्यावरील व्याज सालीना १,७५० रुपये. दहा वर्षांत भरणा २,५०,००० रुपये, म्हणजे मूळ मर्यादेहून अधिक. शेतीचे उत्पन्न एका साली येते, दुसऱ्या साली बुडते. हप्ता मात्र पाऊस पाहून थांबत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांतच पॉलिसी सोडावी लागली, तर भरलेल्या रकमेपेक्षा पुष्कळ कमी हाती येते. जी गोष्ट बचत म्हणून दिली, तीच कर्जाची भर ठरते.

बाजारहाटाच्या सामान्य क्रेडिट कार्डाबरोबरही असाच प्रकार घडतो. तेथे कागदाऐवजी दूरध्वनी येतो, आणि बोलण्याच्या ओघात निघालेला ‘हो’ हा होकार मानला जातो. ‘मला विमा नको, कागद टपालाने पाठवा’ एवढे बोलून संभाषण संपवावे. आणि पुढील महिन्याचे बिल ओळीओळीने पाहावे.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते क्रमाने सांगतो.

एक, शाखेत एकट्याने जाऊ नये; वाचता येणारा मुलगा, मुलगी किंवा शेजारी बरोबर न्यावा. गर्दीच्या दिवसांपूर्वीच, म्हणजे शक्य तर एप्रिलात, नूतनीकरण करून घ्यावे. घाई ज्याची, त्याचे नुकसान.

दोन, प्रत्येक कागदाचा मथळा वाचावा. ‘प्रस्ताव’, ‘पॉलिसी’, ‘नामनिर्देशन’, ‘हप्ता’ असे शब्द आढळल्यास तो कागद कर्जाचा नाही असे समजून बाजूस ठेवावा. मजकूर इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागावा. कोऱ्या जागेवर सही कदापि करू नये.

तीन, ‘ही सक्ती आहे’ असे कोणी म्हटल्यास शांतपणे एवढेच विचारावे, ‘साहेब, ही अट ज्या नियमात आहे तो मला लेखी द्यावा.’ रिझर्व्ह बँकेने २०१४ साली ग्राहकांच्या हक्कांची जी सनद प्रसिद्ध केली, तीत ग्राहकाच्या गरजेस अनुरूप अशीच वस्तू त्यास द्यावी, हा एक हक्क मानला आहे. सक्तीचे शब्द तोंडी सहज येतात. कागदावर ते क्वचितच उतरतात.

चार, नकार लेखी द्यावा व त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. रक्कम खात्यात जमा झाल्यावर त्याच आठवड्यात पासबुक भरून घ्यावे.

पाच, तरीही जीवनविम्याची पॉलिसी घरी आली तर धीर सोडू नये. २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. त्या दिवसांपुरता जोखमीचा आकार, वैद्यकीय तपासणी व मुद्रांक यांचा खर्च वजा करून हप्ता परत मिळतो. म्हणून पाकीट ज्या दिवशी आले ती तारीख त्याच्यावर लिहून ते जपून ठेवावे. अर्ज थेट कंपनीकडे करावा. ‘पाहू, पुढील महिन्यात या’ ह्या उत्तरात तीस दिवस सहज निघून जातात.

सहा, बँकेविषयीची तक्रार प्रथम बँकेकडेच लेखी करावी. ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यासंबंधी माहिती १४४४८ ह्या क्रमांकावर मिळते. विमा कंपनीविषयी विमा नियामकाचा क्रमांक १५५२५५ आहे, आणि विमा लोकपालाच्या कचेऱ्या मुंबई व पुणे येथे आहेत. ह्या लोकपालांकडे शुल्क पडत नाही व वकिलाची गरज नसते. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीविषयी तक्रार असल्यास ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे न्यावी.

एकट्या शेतकऱ्यास जे कठीण, ते दहांस सोपे जाते. प्रत्येक गावच्या सभासदांनी हंगामापूर्वी एकत्र बसून शाखेस एक पत्र द्यावे की, कर्जाचे कागद व विम्याचे कागद आम्हांस निरनिराळ्या दिवशी दाखवावेत. असे पत्र दप्तरी असले म्हणजे एखाद्या विधवेस किंवा निरक्षर खातेदारासही त्याचा आश्रय मिळतो, आणि नाही म्हणणारा मनुष्य एकटा पडत नाही.

आम्ही विम्याच्या विरुद्ध आहो, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. कर्ता मनुष्य अकाली गेल्यास त्याच्यामागे जमीन विकण्याची पाळी येऊ नये, यासाठी जीवनविमा हे उत्तम साधन आहे. आमचे म्हणणे एवढेच की कर्ज गरजेच्या दिवशी घ्यावे व विमा सवडीच्या दिवशी. सुगी होऊन माल विकला गेल्यावर, घरच्या मंडळींशी बोलून, दोन-तीन कंपन्यांचे हप्ते ताडून पाहून जो विमा घेतला जाईल तो टिकेल. पेरणीच्या तोंडावर, खिडकीपाशी उभ्या उभ्या घेतलेला विमा टिकत नाही. त्याचा हप्ता मात्र पहिल्याच दिवशी वसूल झालेला असतो.