पर्वतावरील ढगांचा दिनक्रम

(भूगोल व निसर्ग-अभ्यास यांच्या पाठासाठी)

हिमालयाच्या उंच खोऱ्यांत, विशेषतः वर्षाऋतूच्या आधी, आकाशाचा एक ठराविक क्रम वारंवार आढळतो. पहाटे शिखरे स्वच्छ दिसतात. दहा-अकराच्या सुमारास उतारांवर ढगांचे पांढरे पुंजके उमटू लागतात. दुपारी शिखरे झाकली जातात व कधी गडगडाटासह पाऊस वा हिमवर्षाव होतो. रात्री आकाश बहुधा पुन्हा निवळते. नेपाळातील लुक्ला येथील विमानतळ सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे. तेथील बहुतेक उड्डाणे सकाळीच उरकली जातात, त्याचे एक प्रमुख कारण हेच.

कारण : सूर्योदयानंतर पर्वताचा उतार लवकर तापतो व त्याला लागून असलेली हवाही तापते. दरीवर त्याच उंचीला असलेल्या हवेपेक्षा ती हलकी होते आणि उतारावरून वर चढू लागते. यालाच दरीय वारे म्हणतात. वर दाब कमी असल्यामुळे ही हवा प्रसरण पावते व दर १,००० मीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने थंड होते. शेवटी तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म जलकण होतात. तोच ढग.

उदाहरण : दरीतील हवेचे तापमान १२ अंश व दवबिंदू ० अंश असेल, तर ती हवा सुमारे १,५०० मीटर वर चढल्यावर ढग बनेल. दरीचा तळ २,८०० मीटरवर असल्यास ढगाचा पाया सुमारे ४,३०० मीटरवर येईल. हवेत बाष्प जितके अधिक, तितका ढगाचा पाया खाली येतो.

सूर्यास्तानंतर क्रम उलटतो. उतार उष्णता गमावतात व थंड, जड हवा दरीकडे उतरते. हे पर्वतीय वारे होत. उतरणारी हवा दाबली जाऊन काहीशी तापते, त्यामुळे उतारावरील ढग विरतात. मात्र थंड हवा दरीत साचल्याने पहाटे तेथे धुके दाटू शकते. अशा वेळी शिखर उन्हात व गाव धुक्यात असते.

अपवाद : मोसमी वाऱ्यांच्या काळात बाष्प दुरून येते. तेव्हा ढग सकाळीही असू शकतात व दऱ्यांत रात्रीही पाऊस पडतो. म्हणून हा क्रम नियम म्हणून नव्हे, प्रवृत्ती म्हणून शिकवावा.

उपयोग : महाराष्ट्रातून अनेक यात्रेकरू सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील केदारनाथास जातात. विद्यार्थ्यांच्या घरातील वडील मंडळी त्यांत असू शकतात. चढण पहाटे सुरू करावी व दुपारी ढग दाटण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे, एवढे जरी मुलाने घरी सांगितले तरी पाठ सार्थकी लागेल. विजा चमकू लागल्यास उघडा कडा व एकटे झाड टाळून पक्क्या इमारतीचा आश्रय घ्यावा, हेही सांगावे.

वर्गकार्य : शिक्षकांनी पाटीवर वर्तुळ काढून त्याचे आठ समान भाग करावेत. विद्यार्थ्यांनी सकाळी आठ, दुपारी बारा व चार वाजता, सूर्याकडे न पाहता, आकाशाचे किती भाग ढगांनी व्यापले ते रंगवावे. जवळ डोंगर असल्यास प्रथम कोणत्या उतारावर ढग आला, हेही नोंदवावे. एप्रिल-मे महिन्यांत, वळिवाच्या दिवसांत, या नोंदी विशेष बोधप्रद ठरतात. महिनाअखेर सकाळच्या व दुपारच्या नोंदींची बेरीज शेजारी-शेजारी मांडावी आणि निष्कर्ष मुलांनाच काढू द्यावा.