आयातीआधीची एक्सेल शीट



एक्सेलमधली माहिती टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना सॉफ्टवेअरने नाकारलेल्या ओळींची फार धास्ती बाळगू नये. त्या समोर दिसतात, म्हणून दुरुस्तही होतात. खरी धास्ती चुकीच्या रूपात निमूटपणे आत जाणाऱ्या ओळींची. त्या वर्षअखेरीपर्यंत लपून राहतात.

सांगलीच्या हळद बाजारातला एखादा ठोक व्यापारी घ्यावा. हळदीचा एचएसएन कोड ०९१० ने सुरू होतो. एक्सेल त्याला संख्या समजते, पुढचे शून्य गाळते आणि ९१० ठेवते. सोळा अंकी बँक खाते क्रमांकाची गत याहून वाईट. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते आणि सोळाव्याच्या जागी शून्य बसवते. मग रकाना ‘टेक्स्ट’ केला तरी गेलेला अंक परत येत नाही. म्हणून कोड, खाते क्रमांक, पिनकोड यांचे रकाने माहिती भरण्याआधीच टेक्स्ट करून घ्यावेत. ज्याची बेरीज कधी करायची नाही, ते संख्या म्हणून ठेवू नये.

तारखा सर्वांत फसव्या. संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची असेल, तर ०५/०४/२०२४ म्हणजे ५ एप्रिल हे एक्सेलला ४ मे वाटते, आणि कुठेही चूक दिसत नाही. २५/०४/२०२४ मात्र त्या पद्धतीत बसत नाही, म्हणून ती नुसता मजकूर होऊन डावीकडे सरकते. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, तर उजवीकडच्याही तपासाव्यात.

नावांत मागे राहिलेली मोकळी जागा किंवा ‘ट्रेडर्स’ आणि ‘ट्रेडिंग’ असा फरक एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती करतो. ट्रिम सूत्राने जादा जागा जातात, पण वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरातली न तुटणारी जागा त्याला हटत नाही. ती ‘शोधा आणि बदला’ने काढावी लागते. नावे जुळवायला जीएसटी क्रमांक अधिक भरवशाचा. तो १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा अक्षरे पॅनची. लांबी आणि राज्य एवढे पडताळले तरी बऱ्याच चुका उघड्या पडतात.

जोडलेले सेल, मधल्या उपबेरजा आणि रिकाम्या ओळी काढून टाकाव्यात. देवनागरी नावे असलेली फाइल सीएसव्ही करायची असल्यास यूटीएफ-८ प्रकार निवडावा, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात.

आयातीचा क्रम असा: आधी गट, खाती, एकके आणि माल, व्यवहार त्यानंतर. गिऱ्हाइकांची येणी एकरकमी न आणता बिलवार आणावीत, हे कितीही कंटाळवाणे असले तरी. एकरकमी आणली, तर पुढे आलेली वसुली कोणत्या बिलापोटी, हे कळायला मार्ग राहत नाही. मालाचा साठा धरून प्रारंभिक शिलकांची नावे आणि जमा बाजू जुळली पाहिजे.

पहिली आयात सॉफ्टवेअरमधल्या कोऱ्या चाचणी कंपनीत, मोजक्या ओळींची करावी. खऱ्या कंपनीत आणण्यापूर्वी बॅकअप घ्यावा आणि नंतर ओळींची संख्या, एकूण रक्कम, जुन्या वहीतली तेरीज असा तिहेरी ताळा घ्यावा. ताळा न जमल्यास चुकीच्या नोंदी हाताने दुरुस्त करत बसू नये. बॅकअप परत आणून, शीट सुधारून पुन्हा आयात करावी.

— काका