जुनी इमारत स्फोटाने पाडताना: काय करावे, काय टाळावे

१३ जुलै १९९७, रविवार. ऑस्ट्रेलियाच्या राजधानीत रॉयल कॅनबेरा हॉस्पिटल स्फोटाने पाडले गेले. कित्येक कॅनबेराकरांचा जन्म याच इमारतीत झालेला. सरकारने बघायला बोलावले आणि लाखावर लोक शेजारच्या तळ्याकाठी जमले. पलीकडच्या काठावर, सुमारे ४३० मीटर अंतरावर, घरच्यांसोबत उभ्या असलेल्या १२ वर्षांच्या मुलीला किलोभर वजनाचा पोलादी तुकडा लागला. ती जागीच गेली. आणखी नऊ जण जखमी झाले, आणि मुख्य इमारत धड पडलीही नाही. उरलेली नंतर यंत्रांनी पाडावी लागली.

टाळावे

• पाडकामाचा सोहळा करू नये. लोकांचा त्या वास्तूवर जीव असतो, हे खरे. निरोप द्यायचाच तर आठवडाभर आधी, सुरुंग भरण्यापूर्वी, आवार खुले करावे.

• ‘मध्ये तळे आहे, म्हणजे लोक सुरक्षित’ असे गृहीत धरू नये. पोलादाच्या तुकड्याला पाणी अडवत नाही. कॅनबेरात तुकडे साडेसहाशे मीटरपर्यंत गेले.

• इमारत पडेल की नाही या धास्तीने स्फोटके वाढवू नयेत.

करावे

• आत काय आहे ते आधी उकलून पाहावे. सगळ्यात महत्त्वाचे हेच. काँक्रीटच्या खांबाला भोके पाडून स्फोटके भरली की तो भुगा होऊन बसतो. पोलाद फुटत नाही, ते कापावे लागते, आणि त्यासाठी वेगळी, कापणारी स्फोटके लागतात. नुसता जोर लावला तर खांबाचे तुकडे गोळ्यांसारखे सुटतात. नकाशावर विसंबून न राहता खांब तासून बघावा. पुण्याचा चांदणी चौकातला पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटानंतरही पुरता पडला नाही, कारण पोलाद अंदाजापेक्षा जास्त निघाले. तिथे रस्ते बंद करून माणसे दूर ठेवली होती, म्हणून कोणाला काही झाले नाही.

• एखाद-दुसऱ्या खांबावर चाचणी स्फोट घ्यावा. तुकडे कुठवर गेले ते मोजावे आणि बघ्यांची हद्द त्याच्या कितीतरी पलीकडे आखावी.

• रुग्णालय असेल तर एक्स-रे खोल्यांतले शिसे, तसेच छतातले ॲस्बेस्टॉस आधीच काढून न्यावे.

• स्फोट थांबवण्याचा अधिकार ठेकेदाराशी देणेघेणे नसलेल्या अभियंत्याकडे असावा. निविदा सर्वात स्वस्त आली, एवढ्यावर काम देऊ नये. पोटठेकेदाराचा अनुभव स्वतंत्रपणे तपासावा. कॅनबेराच्या चौकशीत पाडकाम करणाऱ्यांच्या कामावर गंभीर ठपका आला, पण तो अहवाल यायला १९९९ उजाडले.

• नागरिकांनी आमंत्रण आले तरी जाऊ नये. मुलांना खांद्यावर बसवून तर मुळीच नाही. टीव्हीवर दिसते, तिथेच पाहावे.