जशास तसे : न्याय की सूड?



‘जशास तसे’ हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चांगल्याशी चांगले वागावे आणि वाईट वागणाऱ्याला धडा शिकवावा, यात चुकीचे ते काय, असे आपल्याला वाटते. प्राचीन ग्रीक लोकांनाही तसेच वाटत असे. त्यांनी या प्रश्नाचा कसा विचार केला, हे आज आपण पाहू या.

ग्रीकांच्या देवळांत बळी दिले जात, उत्सव होत. परंतु आपल्यासारखी प्रवचने किंवा धर्मशिक्षणाचे वर्ग तेथे नव्हते. कसे वागावे हे लोक वडीलधाऱ्यांकडून, म्हणींतून, इसापाच्या गोष्टींतून आणि कवींकडून शिकत. ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास अस्क्रा नावाच्या खेड्यात हेसिअड नावाचा शेतकरी कवी राहत होता. वडिलोपार्जित मालमत्तेच्या वाटणीवरून त्याचे भाऊ पर्सेस याच्याशी भांडण झाले होते. म्हणजे भाऊबंदकी तेव्हाही होतीच! आपल्या काव्यात तो भावाला उपदेश करतो : कष्ट करून खा. शेजाऱ्याकडून धान्य मापून घे आणि त्याच मापाने, जमल्यास थोडे अधिकच, परत कर. शेजाऱ्याला तो फार जपायला सांगतो, कारण अडचणीच्या वेळी नातेवाइकांच्या आधी शेजारी धावून येतो.

हा उपदेश आपल्याला पटण्यासारखा आहे. परंतु हाच हेसिअड पुढे सांगतो की, मित्राने आधी आगळीक केली तर त्याची दुप्पट परतफेड करावी. मात्र तो समेटाला आला तर त्याला जवळ करावे. ख्रिस्तपूर्व ५९४ मध्ये अथेन्सला नवे कायदे देणाऱ्या सोलननेही, मित्रांना आपण गोड वाटावे आणि शत्रूंना कडू, अशी इच्छा काव्यात व्यक्त केली. ‘मित्राचे भले करावे, शत्रूचे वाईट करावे’ हीच सज्जन माणसाची ओळख मानली जाई.

या समजुतीला सॉक्रेटिसने प्रश्न विचारले. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या पहिल्या भागात हा संवाद आहे. पोलेमार्कस नावाचा तरुण म्हणतो की, मित्राला मदत करणे आणि शत्रूला इजा करणे हाच न्याय. सॉक्रेटिस विचारतो, मित्र कोण आणि शत्रू कोण हे ओळखण्यात आपली कधी चूक होत नाही काय? चूक झाली तर आपण चांगल्या माणसालाच इजा करू. मग तो आणखी खोल जातो. घोड्याला इजा केली तर तो अधिक चांगला घोडा होतो की वाईट? वाईटच. तसेच माणसाला इजा केली, तर तो माणूस म्हणून अधिक वाईट होतो. उष्णतेचे काम थंड करणे नव्हे. तसे न्यायी माणसाचे काम दुसऱ्याला अन्यायी बनवणे असू शकत नाही. म्हणून कोणालाही, शत्रूलासुद्धा, इजा करणे हा न्याय नव्हे.

हा नुसता वादविवाद नव्हता. ख्रिस्तपूर्व ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाकडून हरले आणि तीस जणांची जुलमी राजवट आली. तिने सुमारे १५०० लोकांना ठार मारले. त्यांत हा पोलेमार्कसही होता. पुढच्याच वर्षी लोकशाही परत आली. आता घरोघरी सूड घेण्याची वेळ होती. परंतु अथेन्सच्या नागरिकांनी शपथ घेतली की, झालेल्या वाइटाची आठवण काढून आपण एकमेकांच्या मागे लागणार नाही. मुख्य जुलमी अधिकारी या माफीतून वगळले होते. पोलेमार्कसचा भाऊ लिसिअस याने त्या तिसांपैकी एकावर आरोप ठेवून भाषण केले, ते आजही उपलब्ध आहे. म्हणजे गुन्ह्याचा जाब विचारणे वेगळे आणि सूड उगवणे वेगळे, हे त्यांनी ओळखले होते.

तरीही माणसे एकदम बदलत नाहीत. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये याच अथेन्सने सॉक्रेटिसला देहदंड दिला. त्याचा मित्र क्रिटो पहाटे तुरुंगात आला आणि पळून जाण्याचा आग्रह करू लागला. सॉक्रेटिसने नकार दिला. आपल्यावर अन्याय झाला म्हणून आपणही अन्याय करू नये, असे त्याचे म्हणणे होते. हे थोड्यांनाच पटते आणि पुढेही थोड्यांनाच पटेल, हेही त्याने मान्य केले.

मत्तयच्या शुभवर्तमानात (५ : ४३-४४) प्रभू येशू नेमक्या याच जुन्या समजुतीचा उल्लेख करतो आणि एक पाऊल पुढे जातो. सॉक्रेटिस शत्रूला इजा करू नका म्हणतो. प्रभू त्याच्यावर प्रीती करायला आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. बांधाचा तंटा कोर्टात असला, तरी आपण भावासाठी प्रार्थना करू शकतो. हक्क मागायला मनाई नाही. मात्र त्याचे वाईट व्हावे ही इच्छा आपण सोडायची आहे.

कुटुंबात विचार करण्यासाठी :
१. आपण ज्याला ‘धडा शिकवला’, तो त्यामुळे सुधारला की अधिक कडवट झाला?
२. घरातील कोणते जुने वैर आपण मुलांना वारसा म्हणून देत आहोत?
३. या आठवड्यात कोणाशी आपण पहिला शब्द बोलू शकतो?