कर होता, म्हणून डर होता

इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये मी घरोघरी जाऊन किरकोळ कामे करतो. कपाटे जोडायची, पडद्याचे रॉड ठोकायचे, गळके नळ बदलायचे. सामान गिऱ्हाइकाचे, मजुरी माझी. त्यामुळे 2021-22 चे रिटर्न भरताना खर्चाच्या रकान्यात मी बिनदिक्कत शून्य लिहिले. शिवाय धाकधूक होतीच: परक्या मुलखात खर्च दाखवायला जावे आणि चौकशी मागे लागावी! पुढच्या वर्षीही तेच शून्य.

2024 च्या ऑक्टोबरात शेजारच्या गुजराती काकांनी विचारले, “डिझेलचे किती लावतोस?”

“दर आठवड्याला टाकी भरतो.”

“अरे, रिटर्नमध्ये!”

त्या रात्री हिशेबाला बसलो. व्हॅनसाठी मैलाचा ठरावीक दर धरता येतो. त्या वर्षांत पहिल्या 10,000 मैलांना तो 45 पेन्स होता. त्यात डिझेल, व्हॅनचा विमा, दुरुस्ती सगळे आले, म्हणून त्यांच्या पावत्या पुन्हा लावायच्या नाहीत. 2021-22 मध्ये माझे कामाचे मैल भरले 6,000, म्हणजे 2,700 पौंड. कामाचा विमा, फोनचा धंद्यापुरता वाटा, ड्रिलचे बिट मिळून आणखी 700. या 3,400 पौंडांवर 20 टक्के आयकर आणि 9 टक्के नॅशनल इन्शुरन्स मी उगाच भरला होता: 986 पौंड. तेवढ्यात आईला इकडे आणून परत पोचवता आले असते.

मैल मोजले कसे? गिऱ्हाइकांचे जुने मेसेज उघडले, पत्ते काढले, नकाशावर अंतरे पाहिली. तीन रविवार गेले. खोटा एक मैल घातला नाही, कारण इथले करखाते, एचएमआरसी, पुरावा मागू शकते. तुमची मैलांची वही पहिल्या दिवसापासून असेल तर हे रविवार वाचतील.

आता मुदतीचे, कारण इथेच लोक फसतात. रिटर्नच्या 31 जानेवारीच्या मुदतीनंतर बारा महिने ते ऑनलाइन दुरुस्त करता येते. माझे 2022-23 चे रिटर्न 31 जानेवारी 2025 पर्यंत असे सुधारता येत होते, घरबसल्या झाले. 2021-22 ची ती खिडकी मात्र बंद झालेली. त्या वर्षाचा जादा भरलेला कर परत मिळवायला पत्राने ‘ओव्हरपेमेंट रिलीफ’ मागावा लागतो, करवर्ष संपल्यापासून चार वर्षांत. पत्रात हेच शब्द हवेत. शिवाय वर्ष, रक्कम, चूक कशी झाली, या रकमेसाठी आधी अपील केले आहे का, आणि दिलेली माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी व पूर्ण आहे असे सहीनिशी लिहायचे. ‘आम्ही पैसे सोडवून देतो’ म्हणणारे दलाल यातलाच मोठा लचका तोडतात. पत्र एका पानाचे आहे हो.

पाठवण्याआधी काकांना यादी दाखवली. त्यांनी पार्किंगच्या दंडावर काट मारली. थंडीच्या जॅकेटवरही, कामावर घातले तरी ते साधे कपडेच. मी हळहळलो, जॅकेट महाग होते.

पैसे आले. पत्रावरचे यायला चार महिने लागले. काकांनी काही घेतले नाही, फक्त पडद्याचा एक रॉड बसवून घेतला. त्या फेरीचे मैल वहीत नाहीत. व्हॅन काढावीच लागली नाही.