सारखीं दिसणारीं रानबदकें

हिंवाळा लागला म्हणजे आपल्या गोदाकांठच्या व भीमाकांठच्या जलाशयांवर रानबदकांचे थवे उतरूं लागतात. निफाड तालुक्यांतील नांदूर मधमेश्वर, पैठणचा नाथसागर, उजनीच्या पाण्यालगतचें भिगवण हीं त्यांचीं प्रसिद्ध ठिकाणें होत; पण गांवाबाहेरच्या लहानशा तळ्यावरही दहा-वीस बदकें पुष्कळदां सांपडतात. त्यांतील थोडीं रंगीबेरंगी व बाकीचीं सारीं मातकट, इतकाच भेद नवशिक्याच्या ध्यानीं येतो. या मातकट बदकांचीच ओळख करून देण्याचा आमचा विचार आहे. रंगीत नर ओळखावयास चित्रांचें पुस्तक पुरतें. मादी ओळखावयास नजर लागते.

प्रथम, जीं बदकें नव्हेत तीं बाजूस काढावीं. काळ्याभोर अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा लावल्यासारखा दिसणारा वारकरी शेंकड्यांनीं पोहत असतो. त्याची चोंच पांढरी व टोंकदार, आणि बोटांवरील पडदे सुटे सुटे असतात. बदकाच्या पुढच्या तीन बोटांमध्यें पडदा सलग असतो. वारकरी पाणकोंबडीच्या कुळांतला आहे.

खऱ्या बदकांत दोन वर्ग मानावे. एक वर्ग डोकें पाण्यांत व शेंपूट वर करून उथळ पाण्यांत चरणारा. हीं बदकें उडतांना पाण्यावरून एकदम उभी झेप घेतात. दुसरा वर्ग बुडी मारून खोल पाण्यांतलें खाणारा. यांचे पाय शरीराच्या बरेच मागें असल्यामुळें उडण्यापूर्वीं त्यांना पाण्यावर थोडें धांवावें लागतें. बदक उडालें कसें, एवढें नीट पाहिलें तरी निम्मीं नांवें आपोआप गळून पडतात. रंगाच्या मागें लागण्यापूर्वीं हें पाहावें, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

आतां चक्रांग आणि भुवई बदक ही जोडी घेऊं, कारण गोंधळ सर्वांत अधिक येथेंच होतो. दोन्ही वरवर चरणारीं, दोन्ही सुमारें पंधरा इंच लांबीचीं, दोन्ही उत्तरेकडून येणारीं. नरांची गोष्ट सोपी आहे. चक्रांगाच्या तांबूस डोक्यावर डोळ्यापासून मानेपर्यंत हिरवा पट्टा असतो. भुवई बदकाच्या नराच्या डोळ्यावरून मानेकडे रुंद पांढरी भुंवई वळत गेलेली असते व त्यावरूनच त्याला नांव मिळालें. माद्या मात्र दोन्ही तपकिरी, ठिपकेदार. अशा वेळीं प्रथम मुद्रा पाहावी. भुवई बदकाच्या मादीचा चेहरा पट्ट्यापट्ट्यांचा असतो: डोळ्यावर फिकट रेघ, डोळ्यांतून गडद रेघ, तिच्याखालीं पुन्हां गालावर एक गडद रेघ, आणि चोंचीच्या बुडाशीं एक फिकट ठिपका. चक्रांगाच्या मादीचा चेहरा त्यामानानें साधा. मग शेंपटाकडे पाहावें: चक्रांगाच्या मादीच्या शेंपटाच्या बुडाशीं बाजूस एक फिकट बारीक रेघ असते, भुवईच्या मादीस ती नसते. चोंचही उपयोगी पडते. भुवईची थोडी लांब व करडी असते, तर चक्रांगाच्या मादीच्या चोंचीच्या बुडाशीं पुष्कळदां नारिंगी झांक असते.

येथें एक अडचण उभी राहते. विणीचा काळ संपला, कीं नर आपला रंगीत पोशाख टाकून मादीसारखा वेष धारण करतात. त्या दिवसांत पंखांचीं मोठीं पिसें एकदमच गळत असल्यामुळें कांहीं आठवडे त्यांना उडतां येत नाहीं. तेव्हां भडक रंग अंगावर नसणें हेंच त्यांना हितावह. भुवई बदकाचा नर तर हा साधा वेष हिंवाळ्यांतही बराच काळ टिकवितो. म्हणून सप्टेंबरांत आलेला सारा थवा माद्यांचाच दिसला तर नवल मानूं नये. हीं मोठीं पिसें मात्र वर्षांतून एकदांच बदलतात, म्हणून पंखाची खूण साध्या वेषांतही खोटी ठरत नाहीं. थवा उडाला, कीं पंखांचा पुढचा भाग पाहावा. तो फिकट निळसर-करडा दिसला तर भुवईचा नर जाणावा. चक्रांगाच्या पंखांवर चकाकणारा हिरवा पट्टा असून त्याची पुढची पांढरी कड रुंद असते. भुवईच्या मादींत मागची पांढरी कड अधिक उठून दिसते.

हळदीकुंकू बदक ओळखणें मुलांस विशेष आवडतें. काळ्या चोंचीचें टोंक हळदीसारखें पिवळें व बुडाशीं कुंकवासारखे दोन तांबडे ठिपके. असें चपखल नांव आम्हांस दुसऱ्या पांखराचें आठवत नाहीं. हें बदक बारमास आपल्याकडेच राहतें, आणि नर-मादी जवळजवळ एकसारखीं असतात. दुरून गडवालाची मादी तशी भासते. पण गडवालाच्या पंखावर अंगालगत पांढरा चौकोनी डाग असतो, हळदीकुंकवाच्या पंखावर हिरवा पट्टा असतो.

एवढा खटाटोप कशाला, असें पालकांपैकीं कोणी विचारील. पूर्वीं बंदुकीनें पाडलेला पक्षी हातांत घेऊन जात ठरवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो मार्ग बंद झाला, हें उत्तमच झालें. आतां पक्षी दुरूनच मोजावयाचे. १९८७ पासून आशियांत दरवर्षीं जानेवारींत पाणपक्ष्यांची गणना होते, व तींत हौशी माणसें मोठ्या प्रमाणावर भाग घेतात. रामसर करारान्वयें पाणथळ जागा निवडतांना जे निकष लावतात, त्यांतील एक असा, कीं एखाद्या जातीच्या एकूण पक्ष्यांपैकीं शेंकडा एक तेथें नियमितपणें आढळावे. नांदूर मधमेश्वर २०२० सालीं या यादींत आलें. महाराष्ट्रांतील तें पहिलेंच. दोनशें भुवई बदकें चक्रांग म्हणून लिहिलीं गेलीं, तर एका जातीची संख्या फुगते, दुसरीची घटते, आणि तळ्याचें मोल ठरविणाऱ्यांच्या हातीं चुकीचा आंकडा पडतो.

याहून मोठी फसगत गुलाबी डोक्याच्या बदकाविषयीं होते. बंगाल-बिहारकडील दलदलींत राहणाऱ्या या पक्ष्याची खात्रीलायक नोंद विसाव्या शतकाच्या मध्यानंतर झालेली नाहीं. तो दिसल्याची वर्दी कोणी दिली, तर त्यानें पाहिलेली बहुधा मोठी लालसरी असते. तिच्या नराचें डोकें नारिंगी-तांबूस व चोंच लालभडक असते. अशा वेळीं सांगणाऱ्यास एकच विचारावें: उडतांना पंखांवर रुंद पांढरा पट्टा दिसला काय? होय म्हणाला, तर ती लालसरीच.